आतला चेंडू

नुमाझु बंदर
१८ जून १९८४

निमुरासान यांस,

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याचं लिहायची रीत आहे, पण हवा कशी आहे ते तुम्हालाही खिडकीतून दिसत असेल. म्हणून मुद्द्यावर येते. मी हानेदा ताकुजीची आई. गेल्या ऑगस्टमध्ये बेसबॉलच्या सामन्यात तुमचा चेंडू ज्याच्या डाव्या गालावर बसला, त्याची.

तुम्ही इस्पितळात आला होतात. लाकडी पेटीतलं महागडं खरबूज घेऊन. बाहेरच्या बोळात सगळ्या नर्सेसच्या देखत गुडघे टेकलेत, कपाळ फरशीला लावलंत आणि म्हणालात, "आई, तुम्ही सांगाल ते करीन." मी तेव्हा काही मागितलं नाही. खरबूजही कापलं नाही, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना देऊन टाकलं. रागच तेवढा होता. आज मात्र सांगायची वेळ आली आहे.

गालाचं हाड सांधलं. वरून बघाल तर पोरगा पूर्वीसारखाच देखणा दिसतो. पण त्याला डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही. हे त्याने मला सांगितलेलं नाही. मी बघते. घरी आला की चहा ओततो तो कपाच्या कडेवर. बांगडे वाळत घालायला मदत करतो तेव्हा मासा आकड्याला लावायला दोनदा हात फिरवतो. लहानपणापासून डोळे मिटून हे काम करणारा मुलगा तो! आणि अंघोळ करताना पुटपुटतो, "वर, खाली, डावीकडे, वर..." डोळे तपासायच्या तक्त्यावर ती तुटकी कडी असतात ना, त्यांची तोंडं कुठल्या बाजूला आहेत ते त्याने पाठ केलंय. क्लबच्या डॉक्टरला फसवायला.

वर्तमानपत्रात आलंय की ऑगस्टमध्ये त्याला पुन्हा पहिल्या संघात घेणार. चेंडू टाकणाऱ्या बाकीच्या पिचरांना मी काय लिहू? त्यांनी माझ्यापुढे कपाळ टेकलेलं नाही. शिवाय ताकु म्हणतो, ते बिचकतात, त्याला अंगापासून लांबच टाकतात. एकदा मार खाल्लेल्या माणसाला पुन्हा मारायचं पाप कोणाला हवंय? पण तुमचं नाव ज्यावर चालतं तो चेंडू आत वळणारा. सरळ येतो आणि शेवटी उजव्या हाताच्या फलंदाजाच्या अंगावर शिरतो. तो त्याला दिसायचा नाही.

माझ्या मुलाला आत टाकू नका. एवढंच मागणं आहे.

क्लबला का कळवत नाही, असं तुम्ही विचाराल. कळवलं तर ते त्याला घरी बसवतील आणि तो माझं तोंड पाहणार नाही. या दोन्हींची मला भीती वाटते. त्याच्या मरणाची त्याहून जास्त वाटते. म्हणून चोरासारखी तुम्हाला लिहिते आहे.

हानेदा फुसाए


ओसाका
२७ जून १९८४

ताकुजीसानच्या आईंना सादर नमस्कार.

आपलं पत्र उभ्यानेच वाचलं. बसून वाचायचा धीर झाला नाही. माझी बायको सुमिए विचारत होती कोणाचं पत्र, तर क्लबचं आहे म्हणून सांगितलं.

इस्पितळात दिलेला शब्द मी विसरलेलो नाही. ताकुजीसान माझ्यासमोर उभे राहिले तर माझा एकही चेंडू आत येणार नाही. हे वचन समजावं. आपण निश्चिंत राहावं.

मी सध्या दुसऱ्या, राखीव संघातच आहे. खांदा जरा दुखतो, काळजीसारखं काही नाही. तेव्हा आमची गाठ या वर्षी पडेल असंही नाही. डोळ्याबद्दल आपण लिहिलंत ते माझ्यापाशीच राहील.

आपला अपराधी,
निमुरा सेइजी


नुमाझु
६ ऑगस्ट १९८४

निमुरासान,

तुमच्या पत्रानंतर मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. सोबत बांगडे पाठवते आहे. फाडून, मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवलेले, आमच्या दुकानातले सगळ्यात जाड. मंद आचेवर भाजायचे आणि कातडीची बाजू शेवटी करायची. तुमच्या बायकोला सांगा, घाई केली तर करपतील. खांद्याला मात्र जाडं मीठ तव्यावर तापवून, त्याची पुरचुंडी करून शेक द्या. माझ्या नवऱ्याचा खांदा जाळी ओढून असाच धरायचा.

आता वाईट बातमी. ताकु काल सुट्टीला घरी आला होता. मी खोका बांधत असताना मागून कधी आला कळलंच नाही. पत्त्यावर तुमचं नाव!

"हा माणूस आपल्या घरचे बांगडे कधीपासून खायला लागला?" म्हणाला.

मला खोटं बोलता येत नाही. मासळीच्या धंद्यात एवढी वर्षं काढूनही जमलं नाही. सगळं सांगून बसले. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. हसला. म्हणाला, "आई, तू माझ्यासाठी भीक मागितलीस?" मग बॅग उचलली आणि जेवण न करता गेला.

त्याला गेल्या आठवड्यात पहिल्या संघात घेतलं. दोन सामने झाले. मी टीव्हीवर फडका टाकून ठेवते आणि नुसतं ऐकते. बॅटचा आवाज आला की श्वास सोडते. नाही आला की पुढचा आवाज कसला येतोय म्हणून कान देऊन बसते. बायका दुकानात येऊन अभिनंदन करतात आणि मी त्यांना चुकीचे मासे बांधून देते.

तुमच्यावर भरवसा आहे.

फुसाए


९ ऑगस्ट १९८४

निमुरासान,

मी हानेदा. आपण कधी बोललेलो नाही, म्हणजे तुमचा चेंडू माझ्या गालाशी बोलला तेवढंच. त्याबद्दल मनात काही नाही. खेळ आहे.

माझी आई घाबरट आहे. वडील समुद्रातून परतले नाहीत तेव्हापासून तिला पायरी उतरतानाही कोणीतरी मरेल असं वाटतं. माझा डोळा ठणठणीत आहे. चहा सांडतो कारण मी मुळातच धांदरट आहे. अंघोळीत मी तक्ता पाठ करत नाही, आमच्या कोचचे इशारे पाठ करतो. टोपीला वर हात, पट्ट्याला खाली, डावा दंड. ते दर महिन्याला बदलतात आणि चुकलं तर दंड भरावा लागतो. हे तुम्हाला समजावून सांगायला नको.

गेल्या सामन्यात दोन वेळा यशस्वी फटके मारले. आंधळ्याला जमेल का?

आता ऐका. तुम्ही माझ्यासमोर आलात आणि मला बाहेरबाहेर टाकत राहिलात तर स्टेडियममध्ये शेंगदाणे विकणाऱ्यालासुद्धा कळेल की निमुरा हानेदावर दया करतोय. त्यानंतर मला कोण ठेवणार? आईला दिलेला शब्द आईपाशी. मार मला बसलाय, तेव्हा तुम्ही देणं लागता ते मला. ते असं फेडा: आत टाका. तुमच्यापाशी असलेला सगळ्यात चांगला.

हानेदा ताकुजी


ओसाका
२० ऑगस्ट १९८४

हानेदासान,

तुमचं पत्र खिशात घेऊन फिरतो आहे. तुमच्या आईंचंही त्याच खिशात आहे. दोघांपैकी खरं कोण बोलतंय ते मला ठरवता येत नाही.

तुम्हाला एक सांगतो, आईंना सांगू नका. माझ्या खांद्याला काहीही झालेलं नाही. त्यांनी मिठाचा शेक सांगितला, माझी बायको सुमिए तो रोज देते आणि मी मुकाट्याने घेतो. खरी गोष्ट अशी की त्या दिवसापासून मला कोणालाच आत टाकता येत नाही. चेंडू सोडायच्या क्षणी बोटं गार पडतात आणि कानात तो आवाज येतो, बांबूच्या टोपलीवर पाय पडल्यासारखा. चेंडू आपोआप बाहेर जातो. माझे चेंडू झेलणारा आमचा म्हातारा कॅचर बान सगळ्यांसमोर म्हणतो, "निमुरा, हा चेंडू आहे की पाहुणा? दारापर्यंत येतो आणि परत फिरतो." सगळे हसतात. मीही हसतो. तेव्हा तुमच्या आईंना मी जे वचन दिलं ते फुकटचं होतं. जे माझ्याकडे उरलेलंच नव्हतं ते न टाकण्याचं वचन दिलं मी.

गेल्या आठवड्यात कोच ओनुमांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "सप्टेंबरमध्ये तुला वर नेतो. आतला चेंडू परत आलाय असं दिसलं पाहिजे. नाहीतर ऑक्टोबरात फोनजवळ बस." तो फोन तुम्हालाही माहीत आहे. उद्या सूट घालून ऑफिसात या, एवढंच बोलतात. सूट म्हटलं की नोकरी संपली. मला बेसबॉलशिवाय काही येत नाही आणि सुमिएला दिवस गेले आहेत.

म्हणून विचारतो, तुमच्या आईची शपथ घेऊन लिहा की तुम्हाला दिसतं. लिहिलंत तर मी टाकीन.

निमुरा


२५ ऑगस्ट १९८४

निमुरासान,

दिसतं. आईची शपथ.

हानेदा


ओसाका
३० सप्टेंबर १९८४

ताकुजीसानच्या आईंना,

कालचा सामना आपण पाहिला असेल किंवा फडक्याआडून ऐकला असेल. माझ्याकडून सगळं कळावं म्हणून लिहितो. अक्षराबद्दल क्षमा असावी.

मी वचन मोडलं. ताकुजीसाननी मला पत्रातून आपली शपथ घेऊन सांगितलं होतं की डोळा बरा आहे. मी विश्वास ठेवला. ठेवला म्हणण्यापेक्षा मला ठेवायचा होता. माझ्या पोटाचा प्रश्न होता आणि तो विश्वास माझ्या सोयीचा होता.

ते बॅट घेऊन आले. पहिले दोन चेंडू माझे बाहेर गेले. लोक ओरडायला लागले, "घाबरलास काय रे!" "पुन्हा खरबूज घेऊन जायचंय का?" ताकुजीसाननी माझ्याकडे बघितलं आणि मूठ स्वतःच्या छातीच्या डाव्या बाजूवर आपटली. इथे टाक. आमच्या कॅचरने, बानने, त्यांच्या मागून आतल्या चेंडूची खूण केली. तिकडे आमचे कोच ओनुमा हाताची घडी घालून उभे होते.

मी टाकला. वर्षभरात पहिल्यांदा बोटं गार पडली नाहीत. तो माझा खरा चेंडू होता, आई. सरळ गेला आणि शेवटी आत शिरला, मला हवा होता त्याहून जास्त. हनुवटी आणि खांदा यांच्यामधून गेला. बानला आडवं पडून धरावा लागला.

ताकुजीसान हलले नाहीत.

आपल्याला वाटेल, बरं झालं. लोकांनाही तेच वाटलं. सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. बान धूळ झटकत म्हणाला, "काय छाती आहे रे पोराची!" पण मी चौदा वर्षं हाच धंदा केला आहे. कितीही शूर माणूस असू दे, तोंडावर चेंडू आला की शरीर मागे जातं. ते आपल्याला विचारत नाही. ताकुजीसाननी मान वळवली ती चेंडू बानच्या हातमोज्यात बसल्याचा आवाज आल्यावर. मग ते हसले. लोकांना वाटलं, माझी टर उडवताहेत.

त्यांना तो दिसलाच नव्हता. अजून चार बोटं आत असता तर लागेपर्यंत दिसला नसता.

मी टोपी काढली आणि वाकलो. चेंडू लागला तर वाकतात. लागला नसताना कोणी वाकत नाही. लोक हसले, काहींनी शिट्ट्या मारल्या. पुढचे चेंडू मी इतके बाहेर टाकले की बानला धावावं लागलं. ओनुमा आले, माझ्या हातातून चेंडू घेतला आणि दुसऱ्या पिचरला दिला.

या वर्षी सगळे त्यांना बाहेर टाकताहेत. आजची वर्तमानपत्रं वाचल्यावर पुढच्या वर्षी बाहेर टाकणार नाहीत. हानेदा घाबरत नाही म्हटल्यावर प्रत्येक जण आत टाकून बघेल. मी त्यांना आजच लिहिलं आहे, तुम्ही स्वतः क्लबला सांगा म्हणून. मी जाऊन सांगू शकतो. पण वर्षभरापूर्वी गाल फोडला, आता भाकरीही मीच काढून घेऊ का? आई, मला काही सुचत नाही. सूट इस्त्री करून खुंटीला टांगला आहे आणि फोन वाजला की सुमिएला उचलायला सांगतो. पण खरी भीती त्या फोनची नाही.

निमुरा सेइजी


४ ऑक्टोबर १९८४

निमुरासान,

पत्र मिळालं. जाळून टाकलं.

तुमचा चेंडू उत्तम होता. मी हललो नाही कारण मला हलायचं नव्हतं. क्लबने पुढच्या वर्षाचा शब्द दिला आहे. आजपर्यंत तुमच्याविरुद्ध मी कुठे एक अक्षर बोललो नाही, पत्रकारांनी किती खोदलं तरी. त्याच्या बदल्यात तुमचं तोंड बंद राहील अशी अपेक्षा आहे. यानंतर लिहू नका. आईलाही लिहू नका.

हानेदा


नुमाझु
२४ ऑक्टोबर १९८४

निमुरासान,

उत्तराला उशीर झाला. हातात पेन धरवत नव्हतं.

त्या दिवशी मी फडका काढला होता. कसा कोण जाणे, पण हात गेला. तुमचा चेंडू गेला, ताकु खांबासारखा उभा, शेजारीण टाळ्या पिटतेय, "फुसाएसान, वाघ आहे हो तुमचा!" आणि मग तुम्ही टोपी काढलीत. टीव्हीवरचा माणूस हसत म्हणाला की निमुरा गोंधळलेला दिसतो. चेंडू न लागता तुम्ही कोणासमोर वाकलात ते एकट्या मला कळलं. माझ्यासमोर वाकलात. तुमच्या पत्राआधीच मला उत्तर मिळालं होतं.

मोसम संपल्यावर ताकु घरी आला. बंदरातले लोक साके घेऊन आले. वर्तमानपत्राचं कात्रण दुकानात लावलं, त्यात त्याची छाती लोखंडाची असल्याचं छापलं होतं. तो हसत होता, सगळ्यांचे पेले भरत होता आणि सगळ्यांच्या हातांवर सांडत होता. लोक म्हणाले, चढली पोराला. त्याने थेंबही घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आम्ही दोघं बांगडे वाळत घालत होतो. तो मासे टांगायच्या चौकटीजवळ, मी त्याच्या डावीकडे थोडी लांब. शेजारणीने हिरवट संत्र्यांची टोपली दिली होती, ती पायाशी होती. मी काही ठरवलं नव्हतं, निमुरासान. खरंच नव्हतं. एक संत्रं उचललं. लहानपणी मी अशीच फेकायचे आणि तो न बघता झेलायचा. हाक मारली नाही.

फेकलं.

ते त्याच्या गालावर बसलं. त्याच हाडावर. पापणीसुद्धा लवली नाही आधी.

त्याच्या हातात मासा तसाच होता. वर घारी घिरट्या घालत होत्या. मग म्हणाला, "आई, कोणी पाहिलं का?"

"नाही रे," म्हटलं, "कोणी नाही."

तो तिथेच मिठाच्या पिंपावर बसला. मी जवळ गेले. म्हणाला, "चेंडू निम्म्यावर येतो आणि जातो कुठे तेच कळत नाही. मग आवाज येतो. बॅटचा आला नाही की हातमोज्याचा येईपर्यंत मी मेलेला असतो. दर चेंडूला, आई. दर चेंडूला." आणि रडला. बाप गेला तेव्हा रडला नव्हता. तुझी शपथ खोटी घेतली म्हणून माझे पाय धरायला लागला. मी म्हटलं, मी अजून धडधाकट आहे, शपथेने मरणारी नाही मी, ऊठ, मासे घारी नेतील.

मी घाबरत होते तसाच तोही एकटा घाबरत होता. एकाच घरात, एका भिंतीच्या दोन बाजूंना.

परवा सकाळी म्हणाला, "सूट काढून ठेव." मी विचारलं, फोन आला का? म्हणाला, "नाही. फोन यायच्या आधी जातो." टाय त्याला बांधता येईना, मी बांधला. क्लबच्या ऑफिसात जाऊन त्याने स्वतःच सांगितलं. संध्याकाळी परतला, बूट काढले आणि जेवायला बसला. तीन वाट्या भात खाल्ला. आता रात्री झोपतो. मला त्याचं घोरणं ऐकू येतं आणि मीही झोपते. पुढे काय करायचं ते आम्हाला कोणालाच ठाऊक नाही.

तुमचा फोन वाजला का? वाजला असेल तर सूट घालून ताठ जा. बांगडे पाठवले आहेत, सुमिएसानला दिवस गेल्याचं ताकुने सांगितलं, म्हणून मीठ कमी घालून फिके ठेवलेत. ताकुने खोका बांधायला मदत केली आणि पत्त्यावर तुमचं नाव त्यानेच लिहिलं. ओळ जरा तिरकी गेली आहे.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. पोरगा समोर असला की माझा उजवा हात आपोआप पाठीमागे जातो, त्याला दिसू नये म्हणून. माझ्या मुलाला आत टाकू नका, असं मी तुम्हाला हात जोडून लिहिलं होतं. शेवटी आतला चेंडू मलाच टाकावा लागला.

हानेदा फुसाए